कॅनडातला मीटरचा झगडा

२०११चा जानेवारी संपत आला होता. कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या चॅटहॅम या छोट्या शहरातून टेकसॅव्ही नावाच्या इंटरनेट कंपनीने आपल्या ग्राहकांना एक सूचना पाठवली. १ मार्चपासून महिन्याला २०० जीबींऐवजी फक्त २५ जीबी मिळतील आणि त्यापुढच्या प्रत्येक जीबीला दोन डॉलरच्या आसपास जादा मोजावे लागतील, असं तीत लिहिलं होतं. कंपनीचं जाळं कोलमडलं नव्हतं, तिची गिऱ्हाइकंही पैसे बुडवत नव्हती. टेकसॅव्हीला स्वतःला हा बदल नकोच होता. बेल कॅनडाने मागणी केली, सरकारी नियामकाने ती मान्य केली आणि आता आपल्यापुढे दुसरा मार्ग उरलेला नाही, असं कंपनीने उघडपणे सांगून टाकलं.

२५ जीबी म्हणजे उत्तम दर्जाचे दहाएक चित्रपट. घरात दोन मुलं असतील, कुणी घरून काम करत असेल, कुणी परदेशातल्या आईवडिलांशी व्हिडिओवर बोलत असेल, तर ते अर्धा महिनाही पुरायचे नाहीत. सूचना वाचून लोक चिडले आणि पुढच्या दहा दिवसांत हा राग पंतप्रधानांच्या कार्यालयापर्यंत पोचला. इंटरनेटच्या दरपत्रकासारखा रुक्ष विषय एखाद्या देशात इतक्या झपाट्याने राजकारणाच्या मध्यभागी येऊन बसल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

हे समजून घ्यायचं तर आधी तांब्याच्या तारेकडे पाहावं लागतं.

बेल कॅनडा ही १८८० साली संसदेच्या सनदेने उभी राहिलेली कंपनी. ऑंटारिओ आणि क्वेबेकमधल्या बहुतेक घरांत टेलिफोनची तार गेली ती बेलची, आणि तीही मक्तेदारीच्या काळात. स्पर्धकाची भीती नव्हती आणि गुंतवणुकीवरचा परतावा ठरलेला होता. स्थानिक टेलिफोन सेवेत स्पर्धेला वाट मिळाली ती १९९७ मध्ये. त्या वेळी धोरण आखणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. प्रत्येक घरापर्यंत दुसरी तार टाकणं कोणत्याही नव्या कंपनीच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून बेलसारख्या कंपन्यांनी आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना घाऊक दराने वापरू द्याव्यात आणि तो दर नियामकाने ठरवावा, अशी व्यवस्था आली. हा नियामक म्हणजे सीआरटीसी, कॅनडाचा रेडिओ, टेलिव्हिजन आणि दूरसंचार आयोग. त्याचं कार्यालय ओटावातल्या संसद भवनामागून वाहणाऱ्या नदीच्या पलीकडच्या काठावर, गॅटिनो शहरात आहे.

गोड्रो बंधूंची टेकसॅव्ही १९९८ मध्ये सुरू झाली ती याच वाटेने. ग्राहकाच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तार बेलची आणि एक्स्चेंजपासून जाळ्यांच्या जोडणीच्या ठिकाणापर्यंतची वाहिनीही बेलची. टोरांटोत १५१ फ्रंट स्ट्रीट ही इमारत आहे. देशातल्या आणि देशाबाहेरच्या जाळ्यांची टोकं तिथे एकमेकांना भेटतात. तिथून पुढे जगाशी जोडणारी क्षमता छोटी कंपनी स्वतः विकत घ्यायची. म्हणजे बेलकडे फक्त मधल्या टप्प्याची वाहतूक असायची आणि तिचं भाडं तिला दरमहा मिळायचंच. अशा छोट्या कंपन्यांकडे देशातली दहा टक्केही घरं नव्हती, पण त्यांच्या योजना मोकळ्या असत. कुणी २०० जीबी द्यायचं, कुणी मोजणीच करायचं नाही. मोठ्या कंपनीचा ग्राहक मर्यादेला कंटाळला की त्याला जायला एक दार होतं.

या दाराशी पहिला खटका उडाला २००८ च्या मार्चमध्ये. टोरेंट, म्हणजे मोठ्या फाइली एकमेकांकडून तुकड्यातुकड्यांनी उतरवून घेण्याची पद्धत, वापरणाऱ्या लोकांच्या लक्षात आलं की संध्याकाळ झाली की फाइली सरकेनाशा होतात. बेलने साडेचारपासून रात्री दोनपर्यंत अशा वाहतुकीचा वेग दाबायला सुरुवात केली होती. स्वतःच्या ग्राहकांचा वेग ती आधीपासून दाबत होतीच. आता घाऊक दराने जोडणी घेणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांनाही तेच लागू झालं आणि त्या कंपन्यांना आधी कळवलंही गेलं नव्हतं. त्यासाठी डीप पॅकेट इन्स्पेक्शनची यंत्रं वापरली जात होती. तारेतून जाणारा डेटा कोणत्या जातकुळीचा आहे, हे ही यंत्रं आत डोकावून ओळखतात.

त्याच सुमारास सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने ‘कॅनडाज नेक्स्ट ग्रेट प्राइम मिनिस्टर’ हा आपला कार्यक्रम बिटटोरेंटवर सर्वांना मोफत खुला केला. करदात्यांच्या पैशातून बनलेला, संपूर्णपणे कायदेशीर कार्यक्रम. बेलच्या तारेवरच्या प्रेक्षकांना तो उतरवून घ्यायला तासन्‌तास लागू लागले. टोरेंट म्हणजे चोरीचा माल, हा युक्तिवाद तिथे लंगडा पडला. मे महिन्यात संसदेच्या हिरवळीवर नेट न्यूट्रॅलिटीसाठी निदर्शनं झाली. पूर्वी पंक रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवणारे न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार चार्ली अँगस यांनी त्यासाठी खासगी विधेयकही मांडलं.

नेट न्यूट्रॅलिटीची कल्पना कॅनडाला परकी नव्हती. २००३ मध्ये ही संज्ञा रूढ करणारे कायद्याचे अभ्यासक टिम वू यांचं बालपण काही काळ टोरांटोत गेलं होतं आणि शिक्षण मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झालं होतं. तार ज्याची असेल त्याने त्या तारेवरून काय जातंय याच्यावरून भेदभाव करू नये, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. भेदभाव झाला तर काय होतं याचा अनुभव देशाने २००५ च्या जुलैमध्ये घेतला होता. पश्चिम कॅनडातल्या टेलस कंपनीत कामगारांचा संघर्ष पेटला होता. कामगारांच्या बाजूने चालवलं जाणारं एक संकेतस्थळ टेलसने आपल्या ग्राहकांना दिसेनासं केलं. त्याच सर्व्हरवर असलेली साडेसातशेहून अधिक असंबंधित संकेतस्थळंही त्या झटक्यात गायब झाली. १९९३ च्या दूरसंचार कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार आयोगाच्या परवानगीशिवाय वाहक कंपनीला मजकुरावर नियंत्रण ठेवता येत नाही. पण तारेवर खरंखुरं नियंत्रण कुणाचं असतं, ते त्या दिवसांत सर्वांनी पाहिलं.

वेग दाबण्याविरुद्ध छोट्या कंपन्यांच्या संघटनेने सीआरटीसीकडे धाव घेतली. २० नोव्हेंबर २००८ रोजी आयोगाने ती तक्रार फेटाळली. बेल स्वतःच्या आणि इतरांच्या ग्राहकांना सारखंच वागवते, मग पक्षपात कुठे झाला, असा आयोगाचा तर्क होता. मात्र यापुढे असे बदल करण्यापूर्वी तीस दिवस आधी सांगा, असा आदेश त्याने दिला आणि एकूण प्रश्नावर स्वतंत्र सुनावणी जाहीर केली.

त्या सुनावणीतून २१ ऑक्टोबर २००९ रोजी जे धोरण आलं, ते इंटरनेटवरच्या वाहतूक नियंत्रणासाठी जगातल्या अगदी सुरुवातीच्या चौकटींपैकी एक होतं. कंपन्यांनी जे करायचं ते उघडपणे सांगून करावं, असा पहिला नियम. शक्य असेल तिथे आधी जाळ्याची क्षमता वाढवावी, असा दुसरा. आणि तरीही लगाम घालावाच लागला, तर तो तांत्रिक नव्हे, आर्थिक उपायांनी घालावा. पॅकेटच्या आत डोकावून वेग दाबण्यापेक्षा ग्राहकाला वापराप्रमाणे दर लावणं बरं, कारण त्यात लपवाछपवी नाही आणि निवड ग्राहकाच्या हाती राहते.

हे तत्त्व सरळ आणि प्रामाणिक होतं. नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूच्या बऱ्याच लोकांना त्यात समाधानही वाटलं. पण या तत्त्वात एक गृहीत दडलेलं होतं. ज्याला दर लावला जातो त्याला दुसरीकडे जाण्याची मोकळीक आहे, असं आयोगाने धरून ठेवलं होतं. ती मोकळीक छोट्या कंपन्यांमुळेच होती, आणि बेलच्या अर्जात नेमका तिच्यावरच घाव होता.

हा अर्ज बेलने मार्च २००९ मध्येच केला होता. आपल्या ग्राहकांना आपण महिन्याची मर्यादा घालतो, तशीच ती घाऊक ग्राहकांच्या ग्राहकांनाही घालू द्या, प्रत्येक घराचा वापर मोजून छोट्या कंपनीकडून त्याचं बिल वसूल करू द्या, अशी ही मागणी. इंग्रजीत यूसेज बेस्ड बिलिंग, आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत यूबीबी. ६ मे २०१० रोजी आयोगाने तत्त्वतः होकार दिला. मग दरांवरची भांडणं सुरू झाली आणि अखेर २५ जानेवारी २०११ रोजी निकाल लागला. बेल आपल्या ग्राहकांना जो दर लावते, त्यात १५ टक्के सूट देऊन तिने तो छोट्या कंपन्यांना लावावा.

पंधरा टक्क्यांत छोट्या कंपनीने आपली ग्राहकसेवा, बिलांची व्यवस्था, जगाशी जोडणीचा खर्च आणि नफा, सगळं बसवायचं होतं. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तिचं दरपत्रक आता बेलच्या दरपत्रकाची नक्कल होणार होतं. ज्या मर्यादेला कंटाळून माणूस बेल सोडून आला, तीच मर्यादा त्याच्या मागोमाग टेकसॅव्हीत येऊन पोचणार होती.

बेलचं म्हणणं ऐकायला पटण्यासारखं होतं. वीज, पाणी, गॅस जितका वापराल तितके पैसे द्यावे लागतात, मग इंटरनेटलाच वेगळा न्याय का? मूठभर लोक प्रचंड डेटा ओढतात आणि फक्त ईमेल पाहणारी आजी त्यांचा खर्च सोसते, हे योग्य आहे का? कंपनीच्या वतीने ही बाजू मांडत होते मिर्को बिबिक, नियामक व्यवहारांचे प्रमुख आणि कसलेले वकील. आयोगाचे अध्यक्ष कॉनरॅड फॉन फिंकेनश्टाइन यांनाही हा विचार न्याय्य वाटत होता. सामान्य ग्राहकांनी जड वापर करणाऱ्यांचा भार का उचलावा, असं ते वारंवार विचारत.

पण विजेच्या मीटरची उपमा जाळ्याला लागू पडत नव्हती. विजेचं प्रत्येक युनिट तयार करायला कोळसा जाळावा लागतो किंवा धरणातलं पाणी सोडावं लागतं. डेटाचं तसं नाही. राउटर आणि तारा एकदा बसवल्या की त्यांतून एक जीबी गेला काय आणि दहा गेले काय, खर्चात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. खरा खर्च येतो तो क्षमता वाढवताना, आणि क्षमता वाढवावी लागते ती गर्दीच्या वेळेसाठी. संध्याकाळी जेवणानंतर सगळं शहर एकदम ऑनलाइन येतं, त्या दोन-तीन तासांना पुरेल इतकं जाळं उभारावं लागतं. पहाटे तीनला उतरवलेले १०० जीबी जाळ्याला काहीच ताण देत नाहीत. रात्री नऊला पाहिलेला एक चित्रपट मात्र देतो. महिनाअखेरचा एकूण आकडा मोजणाऱ्या मीटरला हा फरक कळतच नाही. आणि जी आजी फक्त ईमेल पाहते, तिचं बिल या व्यवस्थेत एका सेंटनेही उतरणार नव्हतं.

मग मर्यादा कशासाठी? लोकांनी उत्तर शोधलं ते टीव्हीच्या पडद्यावर.

२२ सप्टेंबर २०१० रोजी नेटफ्लिक्सने कॅनडात पाऊल टाकलं. अमेरिकेत ही कंपनी टपालाने डीव्हीडी पाठवत वाढली होती. कॅनडात मात्र तिने सुरुवातीपासून फक्त इंटरनेटवरून चित्रपट देऊ केले, महिन्याला ७.९९ डॉलरमध्ये. केबल आणि सॅटेलाइट टीव्हीच्या बिलाच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती. नेटफ्लिक्स येणार हे जाहीर झालं त्या जुलैमध्येच रॉजर्स या मोठ्या केबल कंपनीने आपल्या काही योजनांची मर्यादा आणखी खाली आणली होती. आणि सप्टेंबरमध्येच बेलच्या मालक कंपनीने सीटीव्ही हे देशातलं बलाढ्य खासगी टीव्ही जाळं पूर्णपणे ताब्यात घेण्याचा १.३ अब्ज डॉलरचा व्यवहार जाहीर केला. ग्लोबल टीव्ही शॉ या केबल कंपनीच्या मालकीचं झालं. सिटीटीव्ही रॉजर्सकडे होतं, क्वेबेकमधलं टीव्हीए व्हिडिओट्रॉन या केबल कंपनीच्या मालकाकडे. म्हणजे २०११ उजाडलं तेव्हा इंटरनेटच्या मोठ्या तारा ज्यांच्या हातात होत्या, त्यांच्याच हातात टीव्हीचे कार्यक्रमही होते. इंटरनेटवरून चित्रपट पाहणारा ग्राहक त्यांना दुप्पट नुकसानीचा वाटत होता, आणि त्याच्यावर मीटर बसवण्याचा अधिकारही त्यांनाच मिळाला होता.

व्हँकूवरमध्ये ओपनमीडिया नावाची एक छोटी संस्था होती. स्टीव्ह अँडरसन या तरुणाने चालवलेली, पगारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिने ‘स्टॉप द मीटर’ या नावाने ऑनलाइन निवेदन सुरू केलं. २५ जानेवारीच्या निकालानंतर त्याच्यावरच्या सह्यांचा पूर आला. अखेरीस हा आकडा पाच लाखांच्या घरात गेला. त्या वर्षीच्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३.३५ कोटी भरली, म्हणजे साधारण सत्तर माणसांमागे एक सही. सह्या करणाऱ्यांत गेम खेळणारी मुलं होती, तसे छोटे उद्योजकही होते. आपलं उत्पादन इंटरनेटवरून पोचवणाऱ्या प्रत्येकाच्या ध्यानात आलं होतं की ग्राहकाच्या प्रत्येक क्लिकवर आता दुसऱ्याच कुणाचा तरी कर बसणार आहे.

राजकारण्यांनी वाऱ्याची दिशा ओळखली. स्टीफन हार्पर यांचं सरकार अल्पमतात होतं आणि निवडणूक केव्हाही लागू शकत होती. न्यू डेमोक्रॅटिक पक्ष विरोधात होताच. लिबरल पक्षानेही विरोध जाहीर केला. त्यांच्या वतीने उद्योग खात्याचा विषय सांभाळणारे मार्क गार्नो म्हणजे १९८४ मध्ये अंतराळात गेलेले पहिले कॅनडियन. १ फेब्रुवारीला पंतप्रधान हार्पर यांनी ट्विटरवरून चिंता व्यक्त केली आणि निर्णयाचा फेरआढावा मागितल्याचं सांगितलं. दुसऱ्या रात्री उद्योगमंत्री टोनी क्लेमेंट यांनी, तेही ट्विटरवरूनच, आयोगाला पुन्हा नव्याने विचार करावाच लागेल असं स्पष्ट केलं. ही नुसती धमकी नव्हती. आयोगाचा निर्णय फिरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला कायद्याने आहे आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये एका नव्या मोबाइल कंपनीच्या प्रकरणात क्लेमेंट यांनी तो वापरूनही दाखवला होता.

३ फेब्रुवारीला फॉन फिंकेनश्टाइन संसदेच्या उद्योग समितीपुढे बसले. हा माणूस काही मोठ्या कंपन्यांच्या पंखाखाली वाढलेला नव्हता. देशाचे स्पर्धा आयुक्त म्हणून त्यांनी सहा वर्षं काम केलं होतं आणि नंतर संघीय न्यायालयात न्यायाधीशपदही भूषवलं होतं. समितीपुढे त्यांनी मूळ तत्त्वाचं समर्थन केलं, पण त्याच वेळी आयोग आपणहून निर्णयाचा फेरविचार करील आणि अंमलबजावणी किमान ६० दिवस पुढे जाईल, असं जाहीर केलं. चॅटहॅमहून गेलेली सूचना तूर्त रद्द झाली.

मार्चमध्ये दोन गोष्टी घडल्या. त्यांनी वादाचं स्वरूपच बदललं. कॅनडातल्या ग्राहकांच्या मर्यादा संपू नयेत म्हणून नेटफ्लिक्सने त्यांच्यासाठी चित्राचा दर्जा आपणहून खाली आणला. तीस तासांच्या चित्रपटांना जिथे ३० जीबींच्या आसपास डेटा लागायचा, तिथे तो ९ जीबींवर आला. शेजारच्या अमेरिकेत लोक चित्र अधिक स्पष्ट करत होते, तेव्हा जगातल्या एका श्रीमंत देशात ते धूसर करावं लागत होतं. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बेलने घाऊक बिलाची आपली जुनी योजना मागे घेऊन नवी सादर केली. आता प्रत्येक घराचा वापर मोजायचा नाही, छोट्या कंपनीने एकगठ्ठा डेटा घ्यायचा आणि दर जीबीला वीस सेंटच्या आसपास. दोन महिन्यांपूर्वी ग्राहकाच्या माथी जीबीमागे दोन डॉलर पडणार होते. आधीचा दर खर्चावरून ठरवला नव्हता, याचा याहून मोठा पुरावा बेलच्या विरोधकांनाही मिळाला नसता.

जुलैमध्ये गॅटिनोत सुनावणी झाली. एव्हाना निवडणूक होऊन हार्पर यांना बहुमत मिळालं होतं, तरी विषय थंडावला नव्हता. मोठ्या केबल आणि टेलिफोन कंपन्या, छोट्या कंपन्या, ग्राहक संघटना असे सगळे आले. त्याच महिन्यात नेटफ्लिक्सच्या कायदा विभागाच्या प्रमुखाने लिहिलं की अधिकचा एक जीबी पोचवण्याचा खर्च एका सेंटहूनही कमी असतो. त्याचा स्वार्थ उघड होता, पण आयोगापुढचा मुद्दा तोच होता. जाळ्यावर ताण एकूण जीबींचा येतो, की गर्दीच्या वेळच्या वापराचा? छोट्या कंपन्या सांगत होत्या की आम्हाला क्षमता विका. सेकंदाला किती मेगाबिट जाऊ शकतील अशी वाहिनी हवी, ते आम्ही ठरवू. कमी घेतली तर आमचाच ग्राहक संध्याकाळी खोळंबेल आणि आम्हाला सोडून जाईल. ती जोखीम आमची.

१५ नोव्हेंबर २०११ रोजी आयोगाने हे मान्य केलं. १ फेब्रुवारी २०१२ पासून घाऊक वाहतूक क्षमतेवर विकली जाणार, १०० मेगाबिटच्या टप्प्यांत, किंवा मग ठरावीक सपाट दराने. घरोघरचं मीटर निकालात निघालं. छोट्या कंपनीच्या ग्राहकाने किती जीबी वापरावेत, हे ठरवण्याचा बेलचा अधिकार संपला.

विजय पूर्ण नव्हता. बेलच्या १०० मेगाबिटचा दर महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर ठेवला गेला आणि छोट्या कंपन्यांच्या पोटात गोळा आला. पुढे त्यांनी हिशेब तपासायला लावला तेव्हा २०१३ च्या फेब्रुवारीत तो जवळजवळ निम्म्यावर आला. आणि मोठ्या कंपन्यांना आपल्या स्वतःच्या ग्राहकांना मर्यादा घालण्याची मुभा राहिलीच. पण नव्या पद्धतीचं एक फळ लगेच दिसलं. टेकसॅव्हीने ३०० जीबींच्या योजना काढल्या आणि त्यांत रात्री दोन ते सकाळी आठपर्यंतचा वापर मोजायचाच नाही असं ठरवलं. जाळं रिकामं असतं तेव्हा ते वापरायला लोकांना मोकळीक मिळाली. खर्चाचं खरं गणित ग्राहकाच्या योजनेत उतरलं.

वेग दाबण्याचीही अखेर झाली. बेलने १ मार्च २०१२ पासून ती पद्धत सोडली. रॉजर्सच्या यंत्रांनी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या खेळांची वाहतूकही टोरेंट समजून दाबल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. आयोगाने तिच्यामागे तगादा लावला आणि तिनेही त्या वर्षाअखेर हे थांबवलं.

मीटर तारेवरून गेलं ते मोबाइलवर प्रकटलं, आणि या वेळी उलट्या बाजूने. बेलच्या मोबाइल टीव्ही सेवेत महिन्याला पाच डॉलरमध्ये दहा तास कार्यक्रम पाहता येत आणि त्यांचा डेटा मर्यादेत मोजलाच जात नसे. तेवढाच वेळ नेटफ्लिक्स किंवा यूट्यूब पाहिलं, तर डेटाचं बिल कितीतरी पट यायचं. ग्राहकाला वाटायचं की आपल्याला सवलत मिळते आहे. विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठातला बेन क्लास हा पदव्युत्तर विद्यार्थी मात्र आकडेमोड करायला बसला. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याने आयोगाकडे रीतसर तक्रार नोंदवली. हाताशी वकिलांची फौज नव्हती. दूरसंचार कायद्याचं २७ वं कलम होतं, जे वाहक कंपनीला स्वतःला गैरवाजवी झुकतं माप देण्यास मनाई करतं.

२९ जानेवारी २०१५ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. आपलाच टीव्ही मोजणीतून वगळायचा आणि इतरांचा मोजायचा, हा पक्षपात आहे, असं आयोगाने म्हटलं. बेल अपिलात गेली आणि जून २०१६ मध्ये तिथेही हरली. २० एप्रिल २०१७ रोजी आयोगाने व्हिडिओट्रॉनची संगीताचा डेटा न मोजण्याची योजनाही नाकारली आणि सर्वांसाठी नियम घालून दिला. डेटा कुठून आला यावरून दर बदलता येणार नाही.

मराठी वाचकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. फेसबुकची इंटरनेट डॉट ओआरजी ही योजना, जिचं पुढे ‘फ्री बेसिक्स’ झालं, रिलायन्स कम्युनिकेशन्सने फेब्रुवारी २०१५ मध्ये ज्या सहा राज्यांत आणली, त्यांत महाराष्ट्र होता. निवडक संकेतस्थळं फुकट, बाकीच्या इंटरनेटला पैसे. त्या एप्रिलमध्ये ट्राय या भारताच्या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरावरून डेटाचे वेगळे दर लावायला बंदी केली. कॅनडा आणि भारत, दोन्हीकडे नियामकांपुढे एकच मुद्दा होता. मोजणीला हरकत नाही, पण मोजणाऱ्याने मालाकडे बघून काटा हलवायचा नाही. दोन्ही ठिकाणी हे घडलं ते सामान्य लोकांनी किचकट दस्तऐवज वाचून, वेळ काढून आपलं म्हणणं लिहून पाठवलं म्हणून. २०११ च्या कॅनडियन हिवाळ्याचं महत्त्व यातही आहे. दरपत्रकांवर वकिलांचाच हक्क असतो ही समजूत तेव्हा मोडली.

२१ डिसेंबर २०१६ रोजी त्याच सीआरटीसीने ब्रॉडबँड ही कॅनडातली मूलभूत सेवा असल्याचं जाहीर केलं. उतरवण्याचा वेग ५० मेगाबिट, चढवण्याचा १०. आणि त्याबरोबरच एक अट अशी होती की प्रत्येक घराला अमर्याद डेटाची योजना घेण्याचा पर्याय उपलब्ध असावा. सहा वर्षांपूर्वी ज्या संस्थेने २५ जीबींच्या मर्यादेवर शिक्का मारला होता, तिने आता मर्यादा नसणं हेच राष्ट्रीय उद्दिष्ट मानलं.

पण घाऊक दराचं भांडण शमलं नाही, आणि खरी कसोटी तिथेच होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयोगाने घाऊक दर मोठ्या प्रमाणात उतरवले. मोठ्या कंपन्यांनी न्यायालयापासून मंत्रिमंडळापर्यंत सगळीकडे दाद मागितली आणि २७ मे २०२१ रोजी आयोगाने स्वतःचाच निर्णय मागे घेतला. स्वस्त दराच्या भरवशावर बेत आखलेल्या छोट्या कंपन्यांचा कणा मोडला. २०२२ मध्ये बेलने ईबॉक्स आणि डिस्ट्रिब्युटेल विकत घेतल्या, व्हिडिओट्रॉनच्या मालक कंपनीने व्हीमीडिया घेतली. ज्या कंपन्यांच्या योजना वाचवण्यासाठी पाच लाख लोकांनी सह्या केल्या होत्या, त्यांच्यातल्या बऱ्याच आता मोठ्या कंपन्यांच्या खात्यात जमा झाल्या आहेत. आयोगापुढे मीटरची बाजू मांडणारे मिर्को बिबिक २०२० च्या जानेवारीत बेलचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

तांब्याच्या जागी आता फायबर आलं आहे आणि वाद त्याच्यावर सरकला आहे. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी आयोगाने बेल आणि टेलस यांना ऑंटारिओ व क्वेबेकमधलं आपलं फायबर प्रतिस्पर्ध्यांसाठी खुलं करायला सांगितलं. बेलने त्याच दिवशी जाळं वाढवण्याच्या खर्चात एक अब्ज डॉलरहून अधिक कपात करणार असल्याचं जाहीर केलं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून हीच अट देशभर लागू झाली. बेलच्या फायबरवरून सेवा विकायला आता टेलससारखी बलाढ्य कंपनीही पुढे सरसावली आहे. भाडं किती असावं, बांधणाऱ्याला काय मिळावं आणि छोट्याला जागा किती राहावी, यावरची कागदपत्रं गॅटिनोच्या कार्यालयात अजूनही दाखल होत आहेत.